सत्तावन्न किलो तीनशे

फोन आला तेव्हा मी लॅबच्या तपासणीला आलेल्या मंडळींसमोर फाइल उघडून उभी होते. शुक्रवारची सकाळ, साडेदहा वाजले असतील. नागपुरातल्या एका लॅबची मी सुपरवायझर. आमच्याकडे अशी तपासणी असली की त्या दिवशी सगळ्यांनी फोन बंद ठेवायचे, हा नियम मीच घालून दिलेला. माझा मात्र चालू होता, ताईसाठी. नामदेवभाऊंचं नाव दिसलं. ताईच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. "बेबीताई, तुमी निघा," एवढंच म्हणाले. मी विचारलं, दवाखान्यात नेलं का? तर म्हणाले, "आता काई नेयाचं नाई... तुमी या फक्त." मी फाइल टेबलावर ठेवली आणि समोरच्या बाईंना चक्क "सॉरी, दोन मिनिटं" म्हणाले. दोन मिनिटं! माणसाच्या तोंडून काय काय निघतं अशा वेळी.

त्याला आता सहा आठवडे झाले. प्रमिलाताईंविषयी, म्हणजे माझ्या ताईविषयी, चार चांगले शब्द लिहा, असं पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलंय. लिहीन. पण त्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर ते चार शब्द घशातच अडकतील. माझ्या बहिणीचं वजन तीन किलोंनी वाढलंय, हे मला ती जायच्या दोन दिवस आधी कळलं होतं. हृदय कमजोर झालेल्या माणसाचं वजन असं भराभर वाढतं तेव्हा ते अंगावर चढलेलं मांस नसतं, आत साचलेलं पाणी असतं. अशा वेळी थेट दवाखाना गाठायचा असतो. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तरीही मी रुग्णालयाला कळवलं की हे वजन माझ्या बहिणीचं नाही, तिच्या शेजारणीचं आहे, तुम्ही लक्ष देऊ नका.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. इंझोरीच्या पुढे आमचं गाव. आई-बाबा दोघंही मजुरीला जायचे, त्यामुळे मला न्हाऊ-माखू घालण्यापासून पाटीवर अक्षरं गिरवून घेण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं, माझं थांबू दिलं नाही. मी अमरावतीला वसतिगृहात राहून लॅबचा कोर्स केला तो तिच्या हट्टापायी. ती अंगणवाडी सेविका झाली आणि तीस वर्षं तेच करत राहिली. लग्न झालं, भाऊजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. गावातली निम्मी पोरं आपलीच, असं ती खुशाल सांगायची. तिचा मोठा कार्यक्रम म्हणजे महिन्याचं वजन. आढ्याला काटा टांगलेला, खाली कापडी झोळी, झोळीत रडणारं पोर, आणि ताई काट्याकडे बघत उभी. पोर हातपाय झाडायचं तोवर ती आकडा सांगायची नाही. काटा स्थिर झाला की मगच सांगायची, आणि वजन कमी भरलं तर पोराच्या आईला बाजूला घेऊन हळू आवाजात. एकदा वरच्या कुणी तरी तिला सुचवलं की दोन-चार पोरांचं वजन जरा वाढवून लिहा, गावाचं नाव चांगलं राहील. ताई म्हणाली, "लिहलं वाढवून त पोरगं वाढते काय?" तो किस्सा ती दर वर्षी मला नव्यानं सांगायची, आणि मी दर वर्षी "ऐकलंय, ऐकलंय" म्हणायची.

गेल्या दिवाळीच्या सुमारास तिला दम लागायला लागला. सांगितलं तिनं उशिरा, ते वेगळं सांगायला नको. नागपूरला आणलं, अकरा दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं. हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय, म्हणाले. मीठ कमी, पाणी मोजून, गोळ्या न चुकता, आणि रोज वजन. मी रोज ड्युटी सांभाळून तिच्याकडे जायची, मग रजा काढली, मग आणखी काढली. घरी सोडायच्या दिवशी तिची पिशवी भरताना मी बोलून गेले, "तुझ्यापायी माझी वर्षाची रजा संपली, आता तरी नीट राहा." मी खडूस आहे, हे लॅबमधल्या पोरींना माहीत आहे, ताईला तर जन्मापासून माहीत होतं. ती पलंगावर बसून केस विंचरत होती. म्हणाली, "बरं बाप्पा, नाई पडत आता बिमार." तेव्हा मी हसले होते. आता ते वाक्य आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

त्या रुग्णालयात घरबसल्या लक्ष ठेवायची सोय होती. वजनकाटा, बीपीचं मशीन, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि एक मोबाइल, असा संच पेशंटबरोबर घरी देतात. पेशंटनं सकाळी चहाच्या आधी काट्यावर उभं राहायचं, आकडा आपोआप त्या मोबाइलमधून रुग्णालयात जातो आणि एका नातेवाइकाच्या फोनवरही दिसतो. काही जास्त-कमी झालं की तिथली सिस्टर आधी नातेवाइकाला फोन करते. ती नातेवाईक मी. संच लावायला मीच गावी गेले होते. ताईला काट्याचं फार कौतुक वाटलं. झोळी नाही, टांगणं नाही, काचेवर उभं राहायचं की आकडा हजर. बीपीच्या मशीनकडे तिनं फारसं पाहिलंही नाही, पण काटा मात्र फडक्यानं पुसून खिडकीखाली, सपाट फरशी शोधून ठेवला.

आठ दिवसांत रुग्णालयातून सिस्टरचा फोन. आवाजावरून तरुण वाटली, बिचारी फार जपून बोलत होती. म्हणाली, मॅडम, तुमच्या ताईंचं वजन सव्वासहाला चोपन्न आलंय, साडेसहाला एकोणऐंशी आणि पावणेसातला अकरा. मी कपाळाला हात लावला. तीस वर्षं गावाची पोरं तोलणाऱ्या बाईच्या घरात काटा ठेवला तर दुसरं काय होणार! सगळी आळी वजन करून जात होती. ते अकरा किलो म्हणजे कुणाचं तरी नातवंड. मी ताईला फोनवर चांगलं झापलं, की अगं, ते सगळे आकडे तुझ्या नावावर जातात, डॉक्टरांनी काय समजायचं? तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरी यंत्र ठिवून मी एकटीनंच चढावं काय वं त्याच्यावर? लोकं काय म्हणतीन?" आमच्याकडे एका घरी पाटा-वरवंटा असला तर तो आळीचा असतो, शिडी असली तर ती आळीची. काटाही आळीचा झाला.

मग मी तोड काढली. सकाळचा पहिला आकडा तेवढा ताईचा, बाकीचे सोडून द्यायचे. तसं सिस्टरलाही कळवलं. पंधरा दिवस ठीक चाललं, आणि एक दिवस पहिलाच आकडा अट्ठावन्न. फोन केला, तर पलीकडून ताईचं हसू. नामदेवभाऊंची बायको शांताबाई, तिला सात वाजता वावरात पोचावं लागायचं, म्हणून ताईनं तिला पहिला नंबर दिला होता. ताईनं फोन तिच्याकडे दिलाही. "मीच व्हय, बेबीताई, मीच चढली," शांताबाई ओरडून म्हणाली, फोनवर ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही अशा समजुतीनं. आम्ही तिघी हसलो. त्या दिवसापासून मी माझ्यापुरता हिशेब ठरवून टाकला. चोपन्न म्हणजे ताई, सत्तावन्न-अट्ठावन्न म्हणजे शांताबाई. पुढं पुढं खालचे आकडे बघणंही सोडलं. सिस्टरचा फोन आला तरच बघायचं. आणि त्या हिवाळ्यात दोन-तीनदा तो आला तेव्हा ताईचं उत्तर ठरलेलं असायचं, "ते शांताबाईचं व्हय." दर वेळी ते खरंच तसं होतं.

आता लॅबवाल्यांना माझ्या तोंडात मारावीशी वाटेल असं सांगते. आमच्या धंद्यात पहिला धडा काय असतो? नळीवरचं नाव आणि नळीतलं रक्त एकाच माणसाचं असलं पाहिजे. आकडा बघून माणूस ओळखायचा नसतो. शंका आली की रिपोर्ट थांबवायचा आणि नवं सॅम्पल मागवायचं. या एका गोष्टीवरून मी पोरींना रडेस्तोवर बोलले आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण... मी त्यातली निघाले.

मे महिन्यातला तो आठवडा. तपासणीच्या तयारीत मी स्वतःला लॅबमध्येच गाडून घेतलं होतं. आळीत कुरडयांचे दिवस होते. गव्हाचा चीक शिजला की वाटी-वाटी घरोघर जातो, तेल-मीठ घालून. ताईच्या हातातही वाटी आली असणार. नाही म्हणणारी ती नव्हेच. रविवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस आकडाच आला नाही. सिस्टरनं तिला फोन करून आठवण करून दिली, आणि बुधवारी सकाळी एकच आकडा आला. सत्तावन्न किलो तीनशे. सिस्टरनं मला कळवलं, मी दहा मिनिटांनी ताईला फोन लावला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात कागद. ती म्हणाली, "माह्यं राह्यलं आज. ते शांताबाईचं व्हय." वाक्याच्या मधे थांबून तिनं श्वास घेतला. मी ऐकला तो श्वास. धापा का टाकतेस म्हणून विचारलंही. अंगण झाडलं, म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुह्यी तपासणी कवा हाय वं?" शुक्रवारी, मी म्हटलं. "मंग शनिवारी ये. निवांत ये." स्वतःहून मला "ये" म्हणण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तुझी कामं सोडून येऊ नोको, हेच तिचं पालुपद. हेही माझ्या लक्षात आलं होतं, खोटं कशाला बोलू? मी शनिवारी येते म्हटलं आणि सिस्टरला कळवून टाकलं, ते शेजारणीचं आहे.

गुरुवारी सत्तावन्न किलो नऊशे. उतरलं असेल का, हे बघायला ती पुन्हा चढली असणार. सिस्टरचा परत फोन आला. मॅडम, खात्री आहे ना, असं तिनं विचारलं. या वेळी मी ताईला फोनही केला नाही. "तीच शेजारीण आहे, तुम्ही रोज रोज फोन करू नका," असं त्या पोरीला वरून सुनावलं.

शुक्रवारी गाडी करून मी दुपारी तीनच्या पुढे गावात पोचले. ताईला पांढरी साडी नेसवून समोरच्या खोलीत ठेवलं होतं, बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी तिच्या पायाशी बसले. पाय सुजून पोटऱ्यांपर्यंत तुकतुकीत झाले होते. लॅबवाल्या माणसाचा हात गप्प बसत नाही. घोट्याच्या वर मी अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. तेवढ्यानं मला सगळं कळलं, तरी मी एक शेवटची पळवाट धरून नामदेवभाऊंना विचारलं, शांताबाई कुठं दिसत नाही? ते म्हणाले, "ते त रिसोडले हाय, पोरीच्या बाळंतपणाले. आठ दिस झाले. सकायीच सांगतलं तिले, निंघाली हाय येष्टीनं."

आठ दिवस. मी तिथंच भिंतीला डोकं टेकलं. बायकांना वाटलं, बहिणीसाठी रडतेय. एकीनं पाणी दिलं, एकीनं पाठीवरून हात फिरवला. तीस वर्षं ज्या बाईनं एका पोराचं वजन पावशेरानं खोटं लिहिलं नाही, तिनं आयुष्यात एकदाच वजन खोटं सांगितलं, ते मला पुन्हा रजा काढावी लागू नये म्हणून. आणि मी ते खरं मानलं, कारण मला ते खरं हवं होतं. झोपलेल्याला उठवता येतं म्हणतात, सोंग घेतलेल्याला नाही. ताईनं सोंग घेतलं हे खरं, पण मी तरी कुठं जागी होते? तिच्या सोंगावर मी माझं पांघरूण घातलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर गावातली चार माणसं बोलायला उठली. अंगणवाडीतून पुढे गेलेली, आता बाप्ये झालेली पोरं बोलली, त्यांच्या बायका बोलल्या. ते ठीक होतं, ते तिचं होतं. पण प्रत्येक जण शेवटी माझ्याकडे वळायचा. बेबीताईनं बहिणीचं लय केलं, नागपूरहून यंत्र लावून देलं, असं तर आजकाल सख्खी लेकरं करत नाहीत... मी मान खाली घालून ऐकत होते. उठून सांगायला हवं होतं. उठले नाही. हा लेख म्हणजे त्या दिवशी राहून गेलेलं उठणं आहे, असं समजा. सिस्टरलाही मी नंतर फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली की मॅडम, मी आणखी एकदा विचारायला हवं होतं. मी तिला म्हटलं, बाई गं, तू दोनदा विचारलंस. माझ्या वाटणीचं तू घेऊ नकोस.

गेल्या रविवारी संच परत न्यायला गावी गेले. घर बंदच होतं, किल्ली शांताबाईकडे. तिनं कुलूप काढलं, माझ्या मागोमाग दारापर्यंत आली. खिडकीखाली काटा जागच्या जागी होता. तो मोबाइल कुणी चार्जिंगवरून काढलाच नव्हता, हिरवा दिवा लागलेला. मी खाली बसून वायरी गुंडाळायला घेतल्या आणि शांताबाईला सगळं सांगितलं. बुधवार, गुरुवार, सिस्टर, सगळं. तिला सांगितल्याशिवाय मला त्या घरातून निघता आलं नसतं, कारण त्यात तिचं नाव होतं. ती दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती.

"ताईनं माह्यं नाव सांगतलं?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

"अन् तुमी तिले नाई म्हणाल्या, का दे बरं शांताबाईले फोन?"

रागानं नाही विचारलं तिनं. नुसतं विचारलं. मागं एकदा ताईनं फोन दिला होता, हे तिला आठवत असणार. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं, ते मला सांगता आलं नाही, पण ते मला ठाऊक आहे. फोन दे म्हटलं असतं तर ताई गप्प झाली असती, आणि ती गप्प झाली असती तर मला फाइल टाकून निघावं लागलं असतं.

शांताबाई चपला दाराबाहेर काढून आत आली आणि काट्यावर उभी राहिली. पदर सावरून, हात खाली सोडून, समोर बघत. तिला आकडे वाचता येत नाहीत, हे मला तोवर माहीत नव्हतं. म्हणाली, "किती हाय, पाहा बरं. ताई सांगत मले."

मी वाकून पाहिलं. बावन्न किलो सहाशे.

"हो," ती म्हणाली. "ताई बी बावन्नच सांगत. उन्हाया लागला तसं उतरलं माह्यं."

माझ्या पर्समधला फोन वाजला. प्रमिलाताईच्या नावावर नवा आकडा आला होता. मी तो उघडला आणि बोटानं मागं मागं सरकवत गेले... मे, एप्रिल, थेट होळीपर्यंत. चोपन्न, बावन्न, चोपन्न, बावन्न, रोज सकाळी दोघी एकीखाली एक. शेवटचे दोन दिवस सोडले तर सत्तावन्न एकदाही नव्हतं.